पक्ष, साध्य, सिद्धता

गेल्या वर्षी मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जे शेवटपर्यंत थांबले होते त्यांना तो प्रसंग आठवत असेल. जे मसालेभात आणि श्रीखंड संपवून लगेच पार्किंग लॉटकडे वळले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

हिशेब मंजूर झाले. नवी कार्यकारिणी बिनविरोध निवडून आली (म्हणजे दुसरं कोणी उभं राहायलाच तयार नव्हतं). मग 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' पुकारले गेले, तेव्हा अकरावीत शिकणारा एक मुलगा हातात कागद घेऊन उठला. त्याचं म्हणणं साधं होतं. गणपतीच्या जेवणाला आपण थर्मोकोलच्या ताटल्या वापरतो, त्या बंद कराव्यात. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून कचऱ्याच्या पिशव्या मोजल्या होत्या, बावीस भरल्या. कागदी ताटल्यांचे तीन दुकानांतले भाव काढले होते. 'महाग पडेल' हा आक्षेप येणार हे ओळखून माणशी किती सेंट वाढतील तेही मांडून आणलं होतं. सगळं इंग्रजीत. दोन मिनिटंही झाली नसतील, मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे, हे मराठी मंडळ आहे. मराठीत बोल!"

मुलगा थांबला. "आपण... म्हणजे... त्या प्लेट्स..." असं म्हणाला, कागदाकडे बघितलं आणि खाली बसला. कोणीतरी म्हणालं, "चांगला विचार आहे हो बाळ, कमिटी बघेल." विषय संपला. चहा आला.

त्यानंतर मुलांचा छोटा कार्यक्रम होता. तोच मुलगा स्टेजवर आला आणि अफजलखानाच्या वधावरचं पाच मिनिटांचं भाषण त्याने न अडखळता, हातवारे करून, खणखणीत मराठीत म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतले तेच काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. घरी जाताना गाडीत मात्र एक गोष्ट मनातून जाईना. त्याच्याकडे स्वतःचा विचार होता तेव्हा मराठी नव्हती, आणि मराठी होती तेव्हा विचार दुसऱ्याचा होता. भाषण बहुधा त्याच्या आजोबांनी लिहून दिलं असावं.

माझा हा लेख त्या एका प्रसंगाबद्दल नाही, आपण वर्षानुवर्षं जे शिकवतो आणि जे शिकवत नाही त्याबद्दल आहे. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत आपण मुलांना पाठांतर शिकवतो, वक्तृत्व शिकवतो, पण वाद शिकवत नाही. एखादं मत कसं मांडावं, त्याला आधार कसा द्यावा, समोरच्याचं मत न रागावता कसं खोडून काढावं, आणि हे सगळं चारचौघांत बसून कसं करावं, हे आपण मराठीत शिकवत नाही. जोवर हे शिकवत नाही तोवर आपण मराठी टिकवतो आहोत असं म्हणणं ही आपली आपणच केलेली फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी आता सिद्ध करायचा प्रयत्न करतो. पटलं नाही तर खोडून काढा. लेखाचा हेतू तोच आहे.

आधी 'वाद' या शब्दाबद्दल. आपल्याकडे हा शब्द बदनाम झाला आहे. "उगाच वाद नको", "त्यांच्या घरात वाद आहेत", "वादग्रस्त जमीन". मुलगी दोनदा 'का' विचारते तेव्हा 'उलट उत्तर देते', तिसऱ्यांदा विचारलं की 'तोंड वर करून बोलते'. हुज्जत, तंटा, भांडण आणि वाद हे आपण एकाच डब्यात भरून ठेवले आहेत. पण आपल्या जुन्या लोकांनी ते वेगळे ठेवले होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते समजून घेण्यासाठी करायचा तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी, शब्दच्छल करून करायचा तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडत राहायचं ती वितंडा. यातला 'वितंडवाद' तेवढा आपण घरात वापरण्यासाठी ठेवला, आणि पहिला प्रकार, जो खरा कामाचा होता, तो विसरलो.

वाद कसा मांडावा याचा साचाही तिथेच आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरचा धूर तसाच आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. आता डोंगराच्या जागी त्या मुलाच्या ताटल्या ठेवून बघा. ताटल्या बंद कराव्यात, कारण त्या एकदाच वापरून फेकाव्या लागतात. जे एकदाच वापरून फेकतो त्याचा ढीगच होतो, जसा घरातल्या पॅकिंगच्या थर्मोकोलचा होतो. आपल्या ताटल्याही तशाच, गेल्या वर्षी बावीस पिशव्या भरल्या. म्हणून बंद कराव्यात. त्या मुलाने न्यायसूत्रांचं नावही ऐकलेलं नसेल, पण त्याच्या कागदावर हे सगळं होतं.

तुम्ही म्हणाल, हे फारच शास्त्रीय झालं. बरं, आपल्या शाळेतलं बोलू. माझ्यासारखे जे मराठी माध्यमात शिकले त्यांना भूमितीची वही आठवत असेल. आधी आकृती, मग 'पक्ष', खाली 'साध्य', आणि मग 'सिद्धता'. पक्ष म्हणजे काय दिलं आहे, साध्य म्हणजे काय दाखवायचं आहे. सिद्धतेत प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहायचं: व्युत्क्रम कोन, विरुद्ध कोन, सामाईक बाजू. कारण नाही लिहिलं तर मार्क नाहीत. "आकृतीत दिसतंय की सर, दोन्ही बाजू सारख्या आहेत" असं एकदा मी म्हणालो होतो, तेव्हा सर म्हणाले होते, "दिसतंय म्हणू नकोस. सिद्ध कर." संपूर्ण शालेय शिक्षणात मला कोणी वाद घालायला शिकवलं असेल तर ते त्या भूमितीच्या तासाला. पण ते ज्ञान त्रिकोणाच्या बाहेर न्यायचं असतं हे मात्र कोणी सांगितलं नाही. इतिहासाच्या तासाला, मराठीच्या तासाला, घरी जेवताना, कंसातलं कारण कोणी मागितलं नाही आणि मी दिलं तर ते कोणाला आवडलंही नसतं.

त्याची किंमत मला इथे एम.एस.ला आल्यावर मोजावी लागली. पहिल्याच सेमिस्टरला एका शोधनिबंधावर चार पानं लिहायची होती. मी निबंधाचा सारांश इतका नेटका लिहिला की मलाच माझं कौतुक वाटलं. प्राध्यापकांनी खाली एकच वाक्य लिहून परत दिला. मराठीत सांगायचं तर, "लेखकाचं म्हणणं कळलं, तुझं कुठे आहे?" पुढे पहिल्या नोकरीत डिझाइन रिव्ह्यूच्या मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याने माझ्या डिझाइनमधल्या चुका सर्वांसमोर एकेक करून दाखवल्या. मला तो अपमान वाटला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तोच लंचला बोलवायला आला. त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. तो माझ्या डिझाइनबद्दल बोलला होता, माझ्याबद्दल नाही. हा फरक मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळला. माझ्या मुलीला तो इथल्या शाळेत खूप आधी कळला.

ते कसं, तेही बघण्यासारखं आहे. इलिनॉयसह अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० सालच्या कॉमन कोअर अभ्यासक्रमात पहिलीतल्या मुलाने आपलं मत लिहायचं आणि त्याला एक कारण द्यायचं असतं. 'मला मांजर आवडतं कारण...' इथून सुरुवात. सातवीत विरुद्ध बाजूचं मत मान्य करून त्याची दखल घ्यायची. नववी-दहावीत आपली आणि विरुद्ध अशा दोन्ही बाजू न्याय्यपणे मांडायच्या, दोन्हींना पुरावा द्यायचा आणि दोन्हींची ताकद आणि मर्यादा सांगायच्या. विज्ञानाच्या तासालाही आता दावा, पुरावा आणि त्या दोघांना जोडणारा दुवा असे तीन रकाने करून लिहायला लावतात. हा 'दुवा' फार महत्त्वाचा. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली त्यावर बरंच लिहून ठेवलं आहे. बावीस पिशव्या हा पुरावा, ताटल्या बंद करा हा दावा. पण बावीस पिशव्यांवरून ताटल्या बंद का कराव्यात? 'आपण टाळता येईल तेवढा कचरा टाळला पाहिजे' हा मधला दुवा मान्य असेल तरच ना? बहुतेक भांडणं पुराव्यावरून होत नाहीत, या न बोललेल्या दुव्यावरून होतात. तो बोलून दाखवला की निम्मं भांडण जागेवर मिटतं.

आमच्या घरापासून दीड तासावर ऑटवा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या चौकात लिंकन आणि डग्लस यांचे पुतळे आहेत. २१ ऑगस्ट १८५८ रोजी त्या दोघांचा पहिला जाहीर वाद तिथे झाला. असे सात वाद इलिनॉयच्या सात गावांत झाले. विषय गुलामगिरीच्या विस्ताराचा, म्हणजे देश फोडू शकणारा. पहिल्याने एक तास बोलायचं, दुसऱ्याने दीड तास, आणि मग पहिल्याला उत्तरासाठी अर्धा तास. ना माइक, ना सूत्रसंचालक. शेतकरी, दुकानदार उन्हात तीन तास उभे राहून ऐकत होते. सिनेटची ती जागा डग्लसकडेच राहिली. पण त्या वादांचे वृत्तपत्रांतले वृत्तांत लिंकनने जपून ठेवले आणि त्यांचं पुस्तक १८६० साली निघालं, त्याच्या स्वतःच्या भाषणांसह डग्लसचीही पूर्ण भाषणं असलेलं. त्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. हायस्कूलमधला एक वादविवादाचा प्रकार आजही या दोघांच्या नावाने ओळखला जातो. माझी मुलगी त्यातच भाग घेते.

"त्यांचं ठीक आहे हो, आपली संस्कृती वेगळी," असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच घरचं उदाहरण देतो. १९३६ साली लाहोरच्या एका मंडळाने डॉ. आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषणाचा मजकूर वाचल्यावर मंडळाला ते झेपेना आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते न केलेलं भाषण स्वखर्चाने छापलं. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका लिहिली. तेव्हा १९३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय करावं? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढे आपलं उत्तर छापलं. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावं आणि ठरवावं. विरुद्ध बाजूला आपल्या पुस्तकात जागा द्यायला किती आत्मविश्वास लागतो! पुढे घटना समितीत मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कलमागून कलम, आक्षेपामागून आक्षेप, आणि बहुतेकांना उत्तर द्यायला उभा राहणारा एक मराठी माणूस. आपल्या मंडळाची घटनादुरुस्ती मला आठवतं त्याप्रमाणे चार मिनिटांत झाली, कारण पुढे लावणी होती.

गटात बसून नीट वाद घालता आला नाही तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण मला इथे इंजिनिअरिंग एथिक्सच्या वर्गात शिकवलं गेलं. २७ जानेवारी १९८६ची रात्र. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान उडायचं होतं आणि फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं, सांध्यातल्या रबरी कड्या थंडीत काम करणार नाहीत, ५३ अंश फॅरनहाइटखाली उडवू नका. फोनवरून लांबलचक मीटिंग झाली. नेहमी 'सुरक्षित आहे' हे सिद्ध करावं लागे. त्या रात्री अभियंत्यांना 'असुरक्षित आहे' हे सिद्ध करायला सांगितलं गेलं. सिद्ध करण्याची जबाबदारीच उलटी फिरली आणि ते कोणी ठणकावून बोललं नाही. पुरावाही अर्धाच मांडला गेला. ज्या उड्डाणांत कड्या खराब झाल्या तेवढीच उड्डाणं बघितली, न झालेली बघितलीच नाहीत. ती सगळी एकत्र मांडली असती तर ६५ अंशांच्या खालच्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती आणि वरच्या वीसपैकी फक्त तीनमध्ये, हे स्वच्छ दिसलं असतं. सकाळी यान उडालं, ७३ सेकंदांत फुटलं आणि सात माणसं गेली. त्या फोनवर हुशार माणसांची कमतरता नव्हती.

आपल्या मंडळात सुदैवाने यानं उडत नाहीत. पण आपल्या सभांतले मुद्दे आठवून बघा. "आम्ही वीस वर्षं हे मंडळ चालवतोय." (बरोबर, पण म्हणून हॉलचं भाडं कमी होतं का?) "तुम्ही कधी खुर्च्या उचलल्यात का?" (नसतील उचलल्या, तरी मुद्दा खरा असू शकतो.) "आज थर्मोकोल बंद केलं तर उद्या वडापाव बंद कराल." जुन्या शास्त्रात अशा खोट्या कारणांना हेत्वाभास म्हणतात, आणि आपली एखादी सभा रेकॉर्ड केली तर शिकवण्यासाठी सगळे नमुने एका दुपारीत मिळतील. मग मुद्द्यावरून गुद्द्यावर. गुद्दे घालण्याइतके आपण असंस्कृत नाही, त्यामुळे आपण बोलणं बंद करतो, आणि पुढच्या वर्षी त्याच गावात दुसरं मंडळ निघतं. लोक म्हणतात मराठी माणूस फार वाद घालतो म्हणून त्याच्या संस्था फुटतात. माझं म्हणणं उलट आहे. तो वाद घालतच नाही म्हणून फुटतात. वाद घालता आला असता तर एका खोलीत राहून मतभेद ठेवता आले असते.

आता माझ्या घरातली गोष्ट. दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, तर स्वतःची लपवणं बरं नाही. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमातल्या नाचाची तालीम आणि मुलीची डिबेटची स्पर्धा एकाच शनिवारी आली. तिने जेवणाच्या टेबलावर मुद्दे मांडायला सुरुवात केली. पहिला मुद्दा मराठीत, दुसरा अर्धा मराठीत, तिसऱ्यापासून इंग्रजी. मी म्हणालो, "मराठीत बोल." ती अडखळली. मी म्हणालो, "पुरे आता. मोठ्यांशी वाद घालायचा नाही." ती तालमीला गेली. रात्री तिने मला अगदी शांतपणे सांगितलं, "बाबा, मराठीत नेहमी तूच जिंकतोस. मराठीत मला फक्त 'हो' आणि 'सॉरी' म्हणता येतं." त्यानंतर ती माझ्याशी महत्त्वाचं काही बोलायचं असलं की इंग्रजीत बोलते. मराठी 'जेवायला चल', 'आजीचा फोन आहे', 'बूट काढ' एवढ्यापुरती उरली आहे.

सभेतल्या त्या मुलाला "मराठीत बोल" म्हणणाऱ्या काकांना मी हसणार कसा? मीही तेच केलं होतं. मंडळाचा कारभार मराठीतच चालावा या मताचा मीही आहे. पण ज्या भाषेत बोलायला सांगायचं ती आधी बोलण्याजोगी करून द्यायला नको का? ज्या भाषेत मुलाला आईबापांना 'तुमचं चुकतंय' असं सांगता येत नाही, ती भाषा त्याची होत नाही. ती आज्ञा ऐकण्याची आणि स्टेजवर म्हणून दाखवण्याची भाषा राहते.

आता विरुद्ध बाजू. या वर्षभरात मी हा विषय बऱ्याच जणांशी काढला आणि तीन आक्षेप ऐकले. जमेल तेवढ्या प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला, मुलं उद्धट होतील. याला उत्तर असं, की वाद ती घालतातच. शाळेत, मित्रांशी, आणि खोलीचं दार आपटून आपल्याशीही. प्रश्न शिस्तीचा आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, समोरच्याचं ऐकून घेणं, व्यक्तीवर न जाता मुद्द्यावर बोलणं, हरल्यावर मान्य करणं. याला उद्धटपणा म्हणत असाल तर नम्रता कशाला म्हणायचं?

दुसरा, रविवारचे दीड-दोन तास, त्यात जोडाक्षरं होत नाहीत, वाद कधी शिकवणार? हा आक्षेप वजनदार आहे, कारण तो शाळेत शिकवणाऱ्या ताईंचा आहे आणि त्या फुकट राबतात. पण बघा, आपण रंग, फळं, भाज्या, नाती शिकवतो, सगळी नामं. विचार नामांनी होत नाही. तो उभयान्वयी अव्ययांनी होतो. व्याकरणात आपण घोकलेली ती यादी आठवा: पण-परंतु न्यूनत्वबोधक, म्हणून परिणामबोधक, कारण कारणबोधक, जर-तर संकेतबोधक. त्यात जरी-तरी आणि 'उलट' घाला. मोजून नऊ शब्द. त्या मुलाला 'ताटली' शब्द अडला नव्हता, 'प्लेट' चाललंच असतं. त्याला 'जरी दोन सेंट जास्त पडले तरी' हे म्हणता आलं नाही. ही नऊ अव्ययं शिकवायला वेगळा तास लागत नाही, जो तास आहे तोच वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो.

तिसरा आक्षेप माझ्या मुलीच्याच एका मैत्रिणीच्या वडिलांचा, आणि तो मला अंशतः मान्य आहे. ते म्हणतात, इथल्या डिबेटमध्ये मुलं जिंकायला शिकतात, खरं शोधायला नाही. नाणं उडवून बाजू ठरते, काही प्रकारांत तर मुलं इतक्या वेगाने मुद्दे ओततात की ऐकणाऱ्याला श्वास घेता येत नाही. खरं आहे. मी स्पर्धा बघितल्या आहेत, आणि काही जणांचा तो शुद्ध जल्प असतो. म्हणून तर आपण ट्रॉफीसाठी करू नये. आपल्याला स्पर्धा नको, सराव हवा.

आणि तो करून बघितल्याशिवाय मी हे लिहीत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये आठ मुलं घेऊन चार शनिवार आम्ही हे केलं. चार-चारांचे दोन गट. विषय मुलांनीच निवडला: 'मराठी शाळा रविवारी सकाळी नसावी.' (माझ्या मनातला विषय वेगळा होता, मतदानात पडलो.) नियम तीनच. एक, प्रत्येक विधानापुढे कारण, भूमितीसारखं. दोन, उत्तर देण्याआधी समोरच्या गटाचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि 'हो, हेच म्हणायचं होतं' असं ते म्हणाले तरच पुढे बोलायचं. हा आपला जुना पूर्वपक्ष. तीन, पुढच्या शनिवारी बाजू बदलायच्या. इंग्रजी शब्द अडला तर चालेल, पण जोडणारे शब्द मराठीच.

पहिल्या शनिवारी नुसता गोंधळ. दुसऱ्या नियमावर सगळे अडकले, कारण ऐकायची सवय कोणालाच नव्हती. तिसऱ्या शनिवारी एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "तुम्ही म्हणता रविवारी झोप होत नाही. पण तुम्ही शनिवारी रात्री उशिरा झोपता म्हणून. म्हणजे शाळेमुळे नाही, तुमच्यामुळे." दोन वाक्यांत तिने समोरच्याचं कारण बदलून दाखवलं. आणि समोरचा मुलगा चिडला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "हे बरोबर आहे. पण आमचा दुसरा मुद्दा अजून आहे." मराठीत 'हे बरोबर आहे, पण' असं कोणी शांतपणे म्हटलेलं मी फार दिवसांनी ऐकलं.

माझी मुलगी तिथे मदतीला होती. चौथ्या शनिवारी सगळे गेल्यावर खुर्च्या लावताना ती म्हणाली, "बाबा, तो तालमीचा विषय आपण परत घेऊ या? मी आता मराठीत करते." आम्ही केला. अर्धा तास चालला. मी हरलो. पूर्वपक्ष मांडायची पाळी माझ्यावर आली तेव्हा तिचं म्हणणं मला दोन वर्षांत एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं हे लक्षात आलं. तिची अडचण स्पर्धेची नव्हतीच. नाचात तिला मागच्या ओळीत उभं केलं होतं आणि डिबेटमध्ये ती टीमची पहिली वक्ती होती. एवढंच.

तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे आणि आयत्या वेळी नाही, आधी लेखी देऊन. मराठी शाळेत महिन्यातला एक रविवार वादासाठी ठेवावा, वरचे तीन नियम पाळून. स्नेहसंमेलनात पाठ केलेल्या भाषणांबरोबर मुलांचा एक वाद ठेवावा, विषय मुलांनी निवडलेला. आणि मुलांनी सभेत काही मांडलं तर सभेने त्याला हो किंवा नाही असं कारणासह उत्तर द्यावं. 'कमिटी बघेल' हे उत्तर धरू नये.

ठरावाला विरोध जरूर करा, एकमताने मंजूर झाला तर मला वाईटच वाटेल. अट एवढीच, की आधी माझं म्हणणं मला पटेल असं सांगा, आणि मग खोडा. आणि हो, तो मुलगा यंदा बारावीत आहे, पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. ताटल्यांचा कागद त्याने अजून जपून ठेवला आहे, मी विचारलं. त्याला त्याचं म्हणणं मराठीत मांडायला मी आणि माझी मुलगी मदत करतो आहोत. 'जरी-तरी' त्याला आता येतं.